चाळिशीतले रक्त, सत्तरीतली स्मृती
(प्रस्तावना)

यवतमाळ जिल्ह्यातल्या दवाखान्यांत कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी दोन प्रश्न कानावर येतात. "ही गोळी खाल्ली का मानूस भुलते म्हंतात, खरं हाय का?" हा जुना. "ही गोळी खाल्ली तं म्हातारपनी याद चांगली राह्यते म्हंतात, खरं हाय का?" हा अलीकडचा. पहिल्या शंकेपायी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसे गोळी मध्येच सोडतात. दुसऱ्या आशेपायी पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले सत्तरीपुढच्या आईवडिलांना फोनवरून सांगतात, की मेडिकलमधून गोळ्या आणा आणि सुरू करा. प्रश्न दोन्ही मनापासून विचारलेले असतात. प्रामाणिक उत्तर देता यावे इतके पुरावे आता जगभरातून जमा झाले आहेत. ते साध्या मराठीत आणि या जिल्ह्यातल्या जगण्याशी जोडून वाचकांपुढे ठेवावेत, एवढ्यासाठी हे पुस्तक.

पुस्तकाचे म्हणणे आधीच सांगतो. स्टॅटिन गटातल्या या गोळ्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. त्यांच्यामुळे स्मृतिभ्रंश टळतो, हेही चाचण्यांनी सिद्ध केलेले नाही. मधल्या वयात एलडीएल, म्हणजे वाहिन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, चढे राहिले तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, याचे पुरावे मात्र भक्कम होत चालले आहेत. त्याच कोलेस्टेरॉलपायी येणारा हृदयविकार या गोळ्या रोखतात, हे सिद्ध होऊन तीस वर्षे झाली. म्हणजे खरा प्रश्न वेळेचा आहे. सत्तरीतल्या बुद्धीची काळजी चाळिशीत घ्यावी लागते, आणि आपल्याकडे चाळिशीतल्या धडधाकट माणसाचे रक्त सहसा तपासलेच जात नाही.

आधी आजाराविषयी. चष्मा कुठे ठेवला ते विसरणे, नाव ओठांवर असून न आठवणे, हे वाढत्या वयाचे आहे. रोजच्या वाटेवरून घर न सापडणे, जन्मभर केलेल्या वरणाची कृती मध्येच हरवणे, मजुरीचा हिशेब न लागणे, स्वतःच्या लेकीला कोण म्हणून विचारणे, हा स्मृतिभ्रंश. त्यात अनेक आजार येतात. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेला आजार त्यांतला सर्वांत मोठा. त्यात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने साचतात आणि पेशी मरत जातात. दुसरा मोठा प्रकार रक्तवाहिन्यांचा. मेंदूतल्या वाहिन्या तुंबल्या किंवा फुटल्या, की त्या त्या भागाचे काम थांबते. उतारवयातल्या अनेक रुग्णांच्या मेंदूत दोन्ही प्रकारांच्या खुणा एकत्र सापडतात. ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावी लागेल.

"साठी बुद्धी नाठी" म्हणत घरोघरी हा आजार सोसला जातो, दवाखान्यापर्यंत पोचत नाही. खेड्यात हा आजार फारसा नसतो, असाही समज आहे. त्याला आधारही होता. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या भागापेक्षा बरेच कमी आढळले होते. पण २०२३ मध्ये देशव्यापी पाहणीचे आकडे आले आणि चित्र पालटले. 'लासी-डॅड' नावाच्या या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या १०० माणसांत ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती आणि महाराष्ट्रात दहांमागे जवळपास एक माणूस साठीपुढचा होता. हेच प्रमाण धरून ढोबळ हिशेब केला, तरी जिल्ह्यात वीस हजारांच्या आसपास माणसे या आजारासह जगत असावीत. त्यांतल्या किती जणांच्या कागदावर या आजाराचे नाव लिहिले गेले असेल, याचा विचार प्रत्येक डॉक्टरने करावा.

निदान चुकण्याचे एक कारण चाचणीतच असते. तारीख सांगा, वाक्य लिहून दाखवा, शंभरातून सात वजा करत जा, असे प्रश्न शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला विचारले तर ती शहाणी असूनही नापास होते. बल्लभगडच्या संशोधकांनी म्हणूनच निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवली होती. आपल्याकडे वेचणीला जाणाऱ्या आजीला सध्या कोणता सण जवळ आला, कापूस कितव्या वेच्यात आहे, बाजार कोणत्या वारी भरतो, असे विचारले पाहिजे. तिला नीट विचारले तर ती उत्तर देते, किंवा उत्तर हरवल्याचे आपल्याला वेळेवर कळते.

आता कोलेस्टेरॉलकडे. हा पदार्थ मुळात शत्रू नाही. पेशींची आवरणे त्याने बनतात, अनेक संप्रेरके त्यापासून तयार होतात. मेंदूचे वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीरातले सुमारे २० टक्के कोलेस्टेरॉल एकट्या मेंदूत असते. या आकड्यामुळे अनेकांच्या मनात भीती बसते, की रक्तातले कोलेस्टेरॉल उतरवले तर मेंदूची उपासमार होईल. तसे होत नाही. मेंदूला लागणारे कोलेस्टेरॉल मेंदू स्वतः बनवतो. रक्तातले एलडीएल मेंदूभोवतीचा पडदा ओलांडून आत जात नाही. रक्तातले जादा एलडीएल नुकसान करते ते वाहिन्यांच्या भिंतींत साचून. मोठी वाहिनी बंद पडली की लकवा मारतो. बारीक वाहिन्यांचे नुकसान वर्षानुवर्षे साचत जाते. त्याची बाहेरून खूण दिसत नाही, पण विचार मंदावतो, चाल अडखळते, निर्णय जमेनासे होतात.

हे एलडीएल उतरवणाऱ्या गोळीचा जन्म बुरशीतून झाला. टोकियोच्या सान्क्यो कंपनीतले शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये त्यांना कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या यकृतातल्या विकराला अडवणारे रसायन सापडले. यकृतात निर्मिती घटली की यकृताच्या पेशी रक्तातले एलडीएल जास्त ओढून घेतात. ही ओढून घेण्याची यंत्रणा उलगडणारे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिली स्टॅटिन गोळी, लोव्हास्टॅटिन, मंजूर झाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीने शंका मिटवली: सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. आज आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर अॅटॉर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन लिहिलेले असते. अॅटॉर्व्हास्टॅटिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जेनेरिक रूपात स्वस्त मिळते.

मग विसराळूपणाची भीती कुठून आली? काही रुग्णांनी गोळी सुरू केल्यावर गोंधळल्यासारखे वाटते, आठवत नाही, अशा तक्रारी केल्या. त्यांची दखल घेऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये गोळीच्या माहितीपत्रकात तशी सूचना घातली. अशा तक्रारी क्वचित येतात, गंभीर नसतात आणि गोळी थांबवल्यावर जातात, हेही त्यांनी तिथेच सांगितले होते. बातमी पसरली ती अर्धीच. ज्यांत अर्ध्या लोकांना खरी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली जाते, त्या चाचण्यांत असा धोका दिसलेला नाही. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ लोकांना पाच वर्षे सिमव्हास्टॅटिन किंवा पोकळ गोळी दिली. २००२ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत स्मृतिभ्रंश झालेल्यांचे प्रमाण सारखेच होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉस्पर' चाचणीत ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांना प्रॅव्हास्टॅटिन किंवा पोकळ गोळी दिली होती. त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या पुन्हापुन्हा घेतल्या, तरी फरक आढळला नाही. पुढे इंजेक्शनने एलडीएल फार खाली आणणारी औषधे आली, तेव्हा हा प्रश्न मुद्दाम पुन्हा तपासला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एबिंगहाउस' चाचणीतही बुद्धीवर परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ रुग्णाची तक्रार खोटी असते असा नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने केलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे मोलाचा आहे. दुष्परिणामांमुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने पोकळ गोळी दिली, काही महिने काहीच दिले नाही, आणि रोजच्या त्रासाची नोंद त्यांना ठेवायला लावली. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के पोकळ गोळीवरही झाला. त्रास खरा होता, पण त्याचा बराचसा भाग गोळी घेतो आहोत या धास्तीने आला होता. म्हणून तक्रार ऐकून घ्यावी, गरज वाटल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी काही आठवडे थांबवून पाहावी, मात्रा किंवा प्रकार बदलावा. ज्याला झटका येऊन गेला आहे, त्याने मनानेच गोळी बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते.

आता आशेची बाजू. २००० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनच्या रुग्णनोंदींवरचा अभ्यास आला. त्यात स्टॅटिन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका ७० टक्क्यांनी कमी दिसला आणि जगभर उत्साह पसरला. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या ११ रुग्णालयांच्या नोंदींतूनही असेच काही दिसले: ज्यांचे एलडीएल (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) ७० च्या खाली होते, त्यांना १३० च्या वर असलेल्यांपेक्षा स्मृतिभ्रंशाचा धोका २६ टक्क्यांनी कमी होता. दुसरीकडे, अल्झायमर झालेल्या रुग्णांना ८० मिलिग्रॅम अॅटॉर्व्हास्टॅटिन देऊन पाहिलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही फायदा झाला नाही. उतारवयात दिलेल्या स्टॅटिनने स्मृतिभ्रंश टळत नाही, असाच निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेऊन २०१६ मध्ये काढला.

नोंदी एक सांगतात आणि चाचण्या दुसरे, याची कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण माणसांत आहे. वर्षानुवर्षे नेमाने गोळी घेणारा माणूस बहुधा बीपी तपासतो, पथ्य पाळतो, घरचे त्याच्याकडे लक्ष देतात. त्याची बुद्धी टिकते त्यात गोळीचा वाटा किती आणि या सवयींचा किती, हे नोंदींतून वेगळे काढता येत नाही. दुसरे कारण उलटे आहे. स्मृतिभ्रंश ओळखू येण्याच्या बरीच वर्षे आधीपासून माणसाचे जेवण घटते, वजन उतरते आणि कोलेस्टेरॉलही उतरते. अशा अशक्त माणसाच्या गोळ्या डॉक्टर कमीही करतात. मग नोंदींत कमी कोलेस्टेरॉल आणि आजार शेजारी दिसतात, आणि कुणी घाईने म्हणतो, की कोलेस्टेरॉल उतरल्यामुळेच बुद्धी गेली.

तिसरे कारण वेळेचे. मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतात. सत्तरीत गोळी देऊन तीन-चार वर्षांनी बुद्धी मोजायची, ही पोळा झाल्यावर पेरलेल्या बियाण्यावरून वाणाची परीक्षा करण्यासारखी गोष्ट आहे. मृगात पेरले असते तर काय उगवले असते, ते अशा परीक्षेतून कळत नाही. चाळिशीतल्या हजारो माणसांना तीस वर्षे गोळी देऊन पाहणारी चाचणी कुणी करू शकलेले नाही. उतारवयापुरता प्रश्न सोडवण्यासाठी ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या आणि अमेरिकेत पंचाहत्तरीपुढच्या हजारो लोकांवर मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. त्यांत हृदयाबरोबर बुद्धीही मोजण्याचे आधीच ठरवले आहे, हे त्यांचे महत्त्व.

मधल्या वयाविषयीचा पुरावा २०२४ मध्ये 'लॅन्सेट' आयोगाने एका जागी आणला. टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी या आयोगाने दिली. ही सगळी कारणे दूर झाली तर जगातला ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. मधल्या वयातले चढे एलडीएल या यादीत त्या वर्षी प्रथमच आले, आणि त्याचा वाटा ७ टक्के धरला आहे. ऐकू कमी येण्याचा वाटाही तेवढाच. अपुरे शिक्षण आणि एकाकीपण यांचा प्रत्येकी ५ टक्के. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला मार, हवेचे प्रदूषण, नैराश्य, अधू दृष्टी हीही त्यात आहेत. ही यादी यवतमाळच्या डोळ्यांनी वाचावी. शाळा सुटलेल्या पिढीतल्या बायका, मुले शहरात गेल्यावर मागे राहिलेले बुढा-बुढी, बहिरेपण वयाचे म्हणून सोडून दिलेले, मोतीबिंदू पिकायची वाट पाहणारे, वणीकडच्या कोळशाच्या धुळीत श्वास घेणारे, हे सगळे त्या यादीत आहेत.

गोळी आणि बुद्धी यांना जोडणारा सर्वांत पक्का दुवा लकव्याचा आहे, आणि त्याविषयीचा मोलाचा अभ्यास विदर्भातलाच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत दोन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूचे पहिले कारण लकवा होते, १०० मृत्यूंपैकी १४ त्याने झालेले. खेड्यातला माणूस साथीच्या तापाने मरतो, हा समज त्या अभ्यासाने मोडला. जो लकव्यातून वाचतो, त्याच्यापुढे स्मृतिभ्रंशाचा धोका उभा असतो. लकवा किंवा त्याची पूर्वसूचना येऊन गेलेल्या ४,७३१ जणांवरच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अॅटॉर्व्हास्टॅटिनने पुन्हा लकवा येण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी केले. मात्र मेंदूत रक्तस्राव होऊन आलेल्या लकव्यात निर्णय वेगळा असतो. लकवा कोणत्या प्रकारचा, हे स्कॅन केल्यावरच कळते. म्हणून लकवा मारल्यावर तेलमालिशीत दिवस घालवू नयेत. रुग्णाला त्याच तासात सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आपल्या जिल्ह्यात अडते कुठे? सरकारी आरोग्य तपासणीसाठी तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती आशाताई फॉर्ममध्ये भरतात. बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी त्यात आहे. कोलेस्टेरॉल त्यात नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या २४ टक्के प्रौढांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. चढ्या कोलेस्टेरॉलने काही दुखत नाही, मग या माणसांना ते कळणार कसे? शिवाय यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उमरखेडहून शंभर किलोमीटरच्या आसपास. उमरखेडचा माणूस नांदेड गाठतो, वणीचा चंद्रपूर, राळेगाव-कळंबचा सेवाग्राम. एकाच माणसाचे कागद तीन शहरांत असतात आणि कुठली गोळी कुणी कशासाठी लिहिली, हे घरात कुणाला सांगता येत नाही. त्यात खर्रा आहे. त्यातला तंबाखू वाहिन्यांचे नुकसान करतो, आणि हा खर्रा चावतच माणूस बीपीची गोळी मागायला येतो. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, जवसाची चटणी हे आपले ताट चांगलेच आहे. त्याची जागा पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातल्या आलूबोंड्यांनी घेतली, तिथे बिघडले.

हे पुस्तक वाचताना प्रत्येकाने आपली जागा ओळखावी. ज्यांना झटका, लकवा किंवा मधुमेह आहे, त्यांनी स्मृतिभ्रंशाची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. तिचे काम सिद्ध आहे. जे चाळिशीत आहेत, त्यांनी लिपिड प्रोफाइल ही कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी एकदा तरी करून घ्यावी. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार धोका कमी असलेल्यांचे एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचे ७० च्या खाली आणि अतिधोक्यातल्यांचे ५५ च्या खाली असावे. ज्यांचे आईवडील पंचाहत्तरीपुढचे आहेत आणि हृदयविकार नाही, त्यांनी केवळ स्मृतीसाठी गोळी सुरू करू नये. डॉक्टरांशी बोलावे, बाकीच्या गोळ्यांची यादी दाखवावी, कारण काही प्रतिजैविके आणि स्टॅटिन एकत्र आली तर स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते.

ज्यांच्या घरात विसरणे वाढले आहे, त्यांनी ते गोळीवर किंवा वयावर ढकलून मोकळे होऊ नये. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, दारू, झोपेच्या गोळ्या, काही दिवसांपूर्वी पडल्यामुळे कवटीत साचलेले रक्त, यांमुळेही माणूस भुलतो, आणि यांतल्या बऱ्याच कारणांवर इलाज आहे. आबांना कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र हेही बुद्धीचेच औषध आहे. आजीशी रोज कुणीतरी बसून बोलणे, हेही.

या विषयावर मला मनापासून वाटते ते सांगून थांबतो. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्याने आपल्या माणसांचे अकाली मरण खूप पाहिले आहे. जे जगले, म्हातारे झाले, त्यांनी आयुष्याच्या शेवटी स्वतःची माणसे विसरावीत, हे आपण नशीब म्हणून स्वीकारू नये. जिल्हा परिषदेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत चाळिशीपुढच्यांसाठी बीपी-शुगरच्या जोडीला कोलेस्टेरॉलची तपासणी सुरू करावी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ती कशासाठी आहे, ते मराठीत लिहावे. आणि वाचकहो, तुमचे वय चाळीस ओलांडले असेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा रक्त तपासून या.